लोटे येथील काळा पाषाण आणि वितळलेल्या द्रवातील कणांची गती

मुंबई-गोवा महामार्गावर खेड व चिपळूण यांच्या दरम्यान वसलेले लोटे हे गाव आज रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळे सर्वपरिचित आहे. त्या परिसरातील जांभ्याखाली जो काळा पाषाण लागतो, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वितळलेल्या स्थितीत वाहत होता. (परशुरामाचे क्षेत्र जवळच आहे, समुद्र हटविल्याच्या कथेहून ही हकीकत कमी अद्भुत नव्हे.) कर्नल साइक्स याने १८३३ मध्ये दख्खनच्या भूरचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. या खडकांना रूढ झालेले 'ट्रॅप' हे नाव पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले. १९२२ मध्ये वॉशिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्यांची रासायनिक पृथक्करणे दिली. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापणारा हा लाव्हा इतका दूर गेला कसा? तो अतिशय पातळ होता, हे उत्तर दीर्घकाळ पुरेसे मानले गेले. वस्तुतः 'पातळ' या एका शब्दात दोन निरनिराळे प्रश्न मिसळले गेले होते.

पहिला प्रश्न कणांच्या गतीचा. सुमारे १२००° से. तापमानास बेसाल्टी लाव्ह्याची श्यानता १० ते १०० पास्कल-सेकंद असते. त्याच तापमानास शुद्ध सिलिकेच्या काचेची श्यानता १० च्या १२ व्या घाताच्या आसपास जाते. तेव्हा केवळ उष्णतेने या फरकाचा उलगडा होत नाही. शुद्ध सिलिकेत प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉन अणूंना जोडतो व त्यांचे अखंड जाळे बनते. बेसाल्टात सिलिका निम्म्याच्या आसपास असते. कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह हे जाळे ठिकठिकाणी तोडतात.

रचनेकडून गतीकडे जाण्याचा दुवा एन्ट्रॉपीत सापडला. क्लॉसियसने हा शब्द १८६५ मध्ये 'परिवर्तन' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, 'एनर्जी'शी साम्य राखून, हेतुपुरस्सर घडविला. बोल्ट्समनने १८७७ मध्ये तिचा संबंध कणांच्या संभाव्य मांडण्यांच्या संख्येशी जोडला. अ‍ॅडम व गिब्ज यांनी १९६५ मध्ये असे प्रतिपादन केले की, द्रव थंड होताना मांडण्यांची संख्या घटते, आणि एका कणाला हलण्यासाठी अधिकाधिक शेजाऱ्यांनी एकत्र हलावे लागते. १९७७ मध्ये रोझेनफेल्डने साध्या द्रवांसाठी एन्ट्रॉपी व विसरण यांचे घातांकी नाते मांडले. १९८४ मध्ये रिशे याने अ‍ॅडम-गिब्ज यांचा विचार सिलिकेटांच्या रसांना लावला, आणि भूशास्त्राच्या दृष्टीने हेच पाऊल अधिक महत्त्वाचे. जाळेदार द्रवांचे वर्तन चमत्कारिक असते: वितळलेली सिलिका दाबली असता काही मर्यादेपर्यंत तिचे कण अधिक चपळ होतात, कारण दाबाने जाळ्याचीच शिस्त मोडते.

दुसरा प्रश्न विस्ताराचा. पश्चिम दख्खनमधील लाव्ह्याच्या फुगवट्यांविषयी दुराईस्वामी, बोन्द्रे, डोळे आदी अभ्यासकांनी २००१ मध्ये केलेल्या विवेचनावरून दिसते की, तेथील पुष्कळसे प्रवाह पुरासारखे धावले नाहीत. त्यांचा पृष्ठभाग लौकर गोठला आणि या कवचाखाली आतून येणाऱ्या रसाने ते फुगत पुढे सरकले. हवाई बेटांवरील झाकलेल्या नलिकांत लाव्ह्याचे तापमान किलोमीटरमागे सुमारे एक अंशच उतरते. म्हणजे दूरवर पोहोचण्याचे श्रेय एकट्या पातळपणाला देता येत नाही. गोठलेल्या कवचाने आतल्या रसाची उष्णता राखली, आणि तिच्याबरोबर त्याच्या कणांची हलण्याची मुभाही.