रस्ता कोणाचा? इंग्लंडमधील पार्किंग निर्बंध, रहिवाशांच्या हरकती आणि स्थानिक परिषदांचे निर्णय (१९५६ ते २०१४)

प्रस्तावना :

स्थानिक स्वराज्य संस्थांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः निवडणुका, अर्थसंकल्प, पाणीपुरवठा आणि आरोग्य या विषयांकडे जाते. घरासमोरील रस्त्यावर वाहन उभे करण्याचा प्रश्न त्या मानाने क्षुल्लक वाटतो. परंतु सामान्य नागरिक आणि स्थानिक शासन यांची गाठ बहुधा अशाच प्रश्नांवर पडते. परिषदेने निर्बंध प्रस्तावित करावा, रहिवाशांनी लेखी हरकत घ्यावी आणि परिषदेने त्या हरकतीवर निर्णय द्यावा, ही प्रक्रिया लोकशाहीची अगदी खालच्या पायरीवरील कसोटी आहे. प्रस्तुत निबंधात इंग्लंडमधील, विशेषतः लंडनमधील, या प्रक्रियेचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. हरकत घेण्याच्या अधिकाराला प्रत्यक्षात किती वजन होते, हा या निबंधातील मध्यवर्ती प्रश्न होय.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) पार्किंग निर्बंधांच्या कायद्याचा विकास समजून घेणे.
२) रहिवाशांच्या हरकतींचे स्वरूप व त्यांवरील निर्णयाची कार्यपद्धती तपासणे.
३) या निर्णयांवर न्यायालयांनी घातलेल्या मर्यादांचे मूल्यमापन करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

इंग्लंडच्या परंपरागत कायद्यानुसार सार्वजनिक रस्ता हा मुळात ये-जा करण्यासाठी असतो. आपल्या घरासमोर वाहन उभे करण्याचा स्वतंत्र हक्क घरमालकाला या परंपरेने दिलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर खासगी मोटारींची संख्या झपाट्याने वाढली, तेव्हा हे तत्त्व आणि रहिवाशांची रोजची सवय यांच्यातील विसंगती उघड झाली. १९५६ च्या रस्ते वाहतूक कायद्याने शुल्क आकारून रस्त्यावर पार्किंग देण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानुसार १९५८ मध्ये लंडनच्या मेफेअर भागात ब्रिटनमधील पहिले पार्किंग मीटर बसविण्यात आले. १९६० मध्ये लंडनच्या रस्त्यांवर वाहतूक वॉर्डन दिसू लागले.

१९६३ मध्ये ‘ट्रॅफिक इन टाउन्स’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. या अभ्यासाचे प्रमुख कॉलिन ब्यूकॅनन यांचा जन्म १९०७ साली सिमल्यात झाला होता. मोटारींची वाढ आणि शहरातील राहणीमान यांचा मेळ घालावयाचा असेल, तर वाहनांवर काही मर्यादा स्वीकारावी लागेल, हा या अहवालाचा रोख होता. त्यामुळे पार्किंग हा केवळ पोलिसी बंदोबस्ताचा विषय न राहता नगरनियोजनाचा विषय झाला. पुढे १९६७ आणि १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्यांनी विखुरलेल्या तरतुदी एकत्र केल्या. १९८६ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल बरखास्त झाली आणि लंडनमधील वाहतूक नियमनाचे अधिकार मोठ्या प्रमाणावर बरो परिषदांकडे आले. १९९१ च्या कायद्याने बहुतांश पार्किंग नियमभंग फौजदारी कक्षेतून बाहेर काढले. १९९३ पासून लंडनमध्ये त्याची अंमलबजावणी सुरू झाली. निर्बंध ठरविणे, दंड आकारणे आणि त्याचे उत्पन्न घेणे ही तिन्ही कामे आता एकाच संस्थेच्या हाती आली. ‘हा निर्बंध वाहतुकीसाठी आहे की तिजोरीसाठी?’ या रहिवाशांच्या शंकेचे मूळ या बदलात आढळते.

हरकतींची कार्यपद्धती :

इंग्लंड व वेल्ससाठी १९९६ साली करण्यात आलेल्या कार्यपद्धतीच्या नियमांनी हरकतीला निश्चित स्थान दिले. परिषदेने प्रस्तावित आदेशाची सूचना स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध करावी, हरकतीसाठी किमान २१ दिवसांची मुदत द्यावी आणि आदेश काढण्यापूर्वी मुदतीत आलेल्या सर्व हरकतींचा विचार करावा, असे बंधन या नियमांनी घातले. हरकत लेखी असावी व तीत कारणे नमूद असावीत, अशी अट रहिवाशांवरही होती. आदेश निघाल्यानंतर, ज्यांची हरकत पूर्णतः मान्य झाली नाही त्यांना १४ दिवसांच्या आत कारणांसह कळविणे परिषदेला आवश्यक होते. आदेशाच्या वैधतेस सहा आठवड्यांच्या आत उच्च न्यायालयात आव्हान देण्याची तरतूद १९८४ च्या कायद्यातच होती.

या तरतुदींचा बारकाईने विचार केल्यास दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. शंभर हरकती आल्या तरी परिषद आदेश काढू शकत असे. दुसरी, हरकतींची मोजणी करून भागत नसे, त्यांतील कारणांचा विचार करावा लागे. एका रहिवाशाने दाखविलेला सुरक्षिततेचा दोष शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा अधिक निर्णायक ठरू शकत असे. कायद्याने रहिवाशाला ऐकून घेतले जाण्याचा आणि उत्तर मिळण्याचा हक्क दिला होता. निकाल आपल्या बाजूने लागेल, ही हमी मात्र दिलेली नव्हती.

हरकतींचे स्वरूप आणि परिषदांचे निर्णय :

परिषदांसमोर येणाऱ्या हरकतींत काही मुद्दे वारंवार आढळतात. एका रस्त्यावर निर्बंध आला की वाहने शेजारच्या रस्त्यावर सरकतात, ही त्यांपैकी सर्वांत प्रमुख तक्रार. पाहुणे, वृद्धांची शुश्रूषा करणारे नातलग आणि दुरुस्तीसाठी येणारे कारागीर यांनी वाहन कोठे लावावे, हा दुसरा मुद्दा. दुकानदारांना ग्राहक कमी होण्याची भीती असते. आजवर विनामूल्य असलेल्या सोयीसाठी परवाना शुल्क का द्यावे, हा आक्षेप तर बहुतेक ठिकाणी असतोच. याउलट, बाहेरून येणाऱ्या नोकरदारांच्या मोटारींनी त्रस्त झालेले रहिवासी स्वतःच निर्बंधांची मागणी करतात. म्हणजेच ‘रहिवासी विरुद्ध परिषद’ असे सरळ चित्र क्वचितच असते. बहुतेकदा एका रस्त्याचे रहिवासी दुसऱ्या रस्त्याच्या रहिवाशांसमोर उभे असतात.

अधिकारी या हरकतींचा गोषवारा व त्यांवरील अभिप्राय अहवालरूपाने सादर करतात. त्यावर प्रस्ताव जसाच्या तसा मंजूर करणे, वेळा वा हद्द बदलून मंजूर करणे अथवा तो मागे घेणे, हे पर्याय परिषदेसमोर असतात. १९८४ च्या कायद्यात कमाल १८ महिन्यांच्या प्रायोगिक आदेशाचीही सोय करण्यात आली. त्यात निर्बंधाचा प्रत्यक्ष अनुभव घेतल्यानंतर हरकत नोंदविता येते, म्हणून हरकत अनुमानावर न राहता अनुभवावर आधारलेली असते. दुसरा महत्त्वाचा बदल २००० च्या स्थानिक शासन कायद्यामुळे घडला. या कायद्याने बहुतेक परिषदांत मंत्रिमंडळसदृश कार्यकारी रचना आणली. पूर्वी समितीत होणारे अनेक निर्णय त्यानंतर एखादा कार्यकारी सदस्य किंवा अधिकारी घेऊ लागला. निर्णयाचा वेग वाढला, परंतु हरकतींवरील खुल्या चर्चेचा अवकाश आकसला, असे म्हणावे लागते.

न्यायालयीन हस्तक्षेप :

हरकत ऐकणे हा केवळ उपचार राहू नये, यासाठी न्यायालयांनी महत्त्वाची भूमिका बजावली. १९८५ मध्ये ब्रेंट परिषदेच्या शाळांसंबंधीच्या खटल्यात विचारविनिमयाच्या चार कसोट्या पुढे आल्या. प्रस्ताव प्राथमिक अवस्थेत असतानाच विचारविनिमय व्हावा, पुरेशी कारणे द्यावीत, पुरेसा वेळ द्यावा आणि आलेल्या मतांचा प्रामाणिकपणे विचार करावा, अशा त्या कसोट्या होत. २०१४ मध्ये हॅरिंगे परिषदेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मान्यता दिली.

पार्किंगच्या संदर्भात १९९५ चा कॅम्डेन परिषदेचा खटला मैलाचा दगड ठरला. प्रिमरोझ हिल भागातील नियंत्रित पार्किंग क्षेत्राला रहिवाशांनी आव्हान दिले होते. विचारविनिमयातील दोषांमुळे परिषदेला तेथे हार पत्करावी लागली. १९८४ चा कायदा महसूल उभारण्यासाठी नाही, हे तत्त्वही या निकालाने अधोरेखित केले. त्यानंतर बार्नेट परिषदेने २०११ मध्ये रहिवाशांच्या वार्षिक परवान्याचे शुल्क ४० पौंडांवरून १०० पौंडांवर आणि पाहुण्यांच्या व्हाउचरचे मूल्य १ पौंडावरून ४ पौंडांवर नेले. अन्य वाहतूक खर्चासाठी अधिशेष निर्माण करण्याच्या हेतूने केलेली ही वाढ न्या. लँग यांनी जुलै २०१३ मध्ये बेकायदेशीर ठरविली. पार्किंग शुल्कातून शिल्लक उरणे बेकायदेशीर नाही, परंतु ती शिल्लक मिळविणे हाच हेतू ठेवून शुल्क वाढविता येणार नाही, असा सूक्ष्म भेद या निकालातून स्पष्ट होतो. ‘तिजोरीसाठी’ ही रहिवाशांची शंका निराधार नव्हती, हेही त्यातून सिद्ध झाले.

भारतीय संदर्भ :

‘हरकती व सूचना’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रातील नगरप्रशासनात सर्वपरिचित आहे. तथापि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ मध्ये वाहने उभी करण्याच्या जागा ठरविताना स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करण्याची अट आहे. रहिवाशांच्या हरकतींचा उल्लेख त्या कलमात नाही. हरकत फेटाळल्यास रहिवाशाला लेखी कारण कळविण्याची इंग्लंडमधील तरतूद या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

निष्कर्ष :

१) रस्त्यावरील पार्किंग हा रहिवाशांचा मालकी हक्क नसून सार्वजनिक जागेच्या वाटपाचा प्रश्न आहे. त्यामुळे हरकतीला नकाराधिकाराचे स्वरूप देता येत नाही.
२) हरकतीचे वजन संख्येपेक्षा कारणांवर आणि त्या कारणांना मिळणाऱ्या उत्तरावर अवलंबून असते.
३) निर्बंध घालणारी आणि त्यातून उत्पन्न मिळविणारी संस्था एकच झाल्यानंतर न्यायालयीन नियंत्रणाची आवश्यकता वाढली.
४) आधीच ठरलेल्या निर्णयावर मागविलेल्या हरकती नागरिकांचा स्थानिक शासनावरील विश्वास क्षीण करतात.

सारांश, फेटाळलेल्या हरकतीलाही सकारण उत्तर मिळाले, तर हरकतदार निर्णयाशी असहमत राहूनही त्या प्रक्रियेचा भागीदार राहतो. उत्तरच मिळाले नाही, तर २१ दिवसांची मुदत आणि वृत्तपत्रातील सूचना या केवळ औपचारिकता ठरतात. इंग्लंडमधील या छोट्या वाटणाऱ्या प्रश्नाच्या इतिहासातून स्थानिक लोकशाहीच्या अभ्यासकांनी हा बोध घेणे उचित ठरेल.