तेंदूचे पान आणि श्वासाचे मोल

धानाचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून भंडाऱ्याची ख्याती आहे. परंतु विसाव्या शतकात येथील असंख्य कुटुंबांची चूल तेंदूच्या पानावर पेटत राहिली, याची नोंद इतिहासात क्वचितच आढळते. विडीधंद्याची मोठी पेठ असलेले गोंदिया १९९९ सालापर्यंत याच जिल्ह्यात होते.

पाने भिजवून कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या, हे काम मुख्यतः स्त्रियांचे. मजुरी हजारामागे, ‘छाट’ ठरलेल्या विड्यांचे मोल शून्य. घरच कारखाना झाल्याने तंबाखूची धूळ पाळण्यापर्यंत पोहोचे. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा आला आणि त्यातून दवाखानेही निघाले. पण जिच्या नावाची नोंदच नाही, तिला त्या दवाखान्याचे दार कसे उघडणार?

याच घरांत क्षयाचे भय वावरत असे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ साली जगापुढे मांडला. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली हाती आले. तोवर उपचार म्हणजे आरोग्यधामातील मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार. हातावर पोट असणाऱ्याला यांपैकी काय परवडणार? १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने मात्र १९५९ साली दाखवून दिले की, दाटीवाटीच्या गरीब घरात राहूनही नियमित औषधांनी रुग्ण आरोग्यधामाइतकाच बरा होतो. गरिबाच्या खोलीने श्रीमंत जगाला दिलेला हा धडा होता!

तरीही अंतर मिटले नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिनला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली. एकाधिकारामुळे ते महाग राहिले. क्षयातून वाचलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी पेटंटची मुदत वाढवण्यास हरकत घेतली. २०२३ साली भारतीय पेटंट कार्यालयाने ती वाढ नाकारली आणि स्वस्त औषधाची वाट मोकळी झाली.

आजही जगातील सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. सरकारी रुग्णालयात औषध मोफत मिळते. पण तिथवर गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकातून श्रमिकाच्या न्याय्य वेतनाचा कैवार घेतला. त्या शिकवणीचे आपण वारस आहोत. शेजारच्या घरात दोन आठवड्यांहून अधिक खोकला ऐकू आला, तर प्रार्थनेबरोबर आपली पावलेही त्या उंबरठ्याकडे वळली पाहिजेत. तिच्यासोबत रुग्णालयात जाणे आणि तिची बुडालेली मजुरी भरून देणे, हीसुद्धा सेवाच आहे.