वृक्कविकार-परिचर्या, खानदेशातील
जळगाव व धुळे (१९६० पर्यंत अनुक्रमे पूर्व व पश्चिम खानदेश) या जिल्ह्यांतील मूत्रपिंडाच्या रोग्यांची शुश्रूषा. तापी खोऱ्यातील कडक उन्हाळ्यात घामावाटे पाणी फार जाते, मूत्र दाट होते व अश्मरी (मुतखडा) बनण्यास अनुकूल स्थिती येते. त्यावर कुळथाचे कढण देण्याची जुनी रीत आहे. दोन्ही वृक्के निकामी झाल्यावर मात्र असे उपाय निरुपयोगी ठरतात.

व्हिलेम कॉल्फ यांनी १९४३ मध्ये नेदर्लंड्समध्ये कृत्रिम वृक्क वापरले. दीर्घकालीन अपोहन (डायलिसिस) शक्य झाले ते १९६० मधील स्क्रिब्नर यांच्या धमनी-नीला जोडणीमुळे. हा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास घ्यावा लागतो. दूरच्या शेतमजुराला त्यात खर्चाइतकाच प्रवासही जड जातो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या २०१२ मधील पहिल्या टप्प्यात धुळ्याचा समावेश होता. जळगावला २०१३ पर्यंत थांबावे लागले. २०१७ पासून योजनेस महात्मा फुले यांचे नाव आहे.

परिचारिका अपोहनापूर्वी व नंतर रोग्याचे वजन घेते, पाणी मोजून देते आणि जोडणीच्या हातावर रक्तदाब मोजू देत नाही. रक्तात पोटॅशियम साचल्यास हृदयक्रिया बंद पडू शकते. म्हणून केळी सहसा वर्ज्य असतात. केळीच्या बागांत वाढलेल्या रावेर-यावलकडील कुटुंबाला हे पटविणे औषध देण्याहून अवघड असते. भाज्या उकडून वरचे पाणी टाकून देण्याची सवय त्या मानाने लवकर लागते.