जपानची किनारयात्रा आणि वसईचा संत

रोम, लूर्द, फातिमा आणि पवित्र भूमी या यात्रा आता आपल्या लोकांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. अलीकडे त्यांत एका नव्या प्रवासाची भर पडली आहे. मुलेबाळे मार्गी लागलेली, निवृत्तीचे पैसे हाती आलेली जोडपी मोठ्या जहाजाने जपानभोवती फिरून येण्याचा बेत करतात आणि निघण्यापूर्वी आम्हाला विचारतात, ''फादर, तिकडे आपले काही पाहण्यासारखे आहे का?'' या प्रश्नातला 'आपले' हा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो. जपानच्या किनाऱ्यावर आपले पुष्कळ आहे. जपानला ख्रिस्ताची वार्ता प्रथम पोहोचली ती गोव्याहून निघालेल्या धर्मगुरूकडून. आणि तिथल्या पहिल्या हुतात्म्यांच्या मालिकेत वसईत जन्मलेला एक पुरुष क्रुसावर मरण पावला. जहाज कंपन्यांच्या रंगीत पुस्तिकांत मात्र यातले फारसे काही आढळत नाही. तिथे फुजी पर्वत असतो, चेरीचा बहर असतो, गरम पाण्याची कुंडे असतात. ते सारे पाहावेच. पण कोणत्या बंदरात काय घडले हे ठाऊक असलेल्या प्रवाशाला त्याच तिकिटात दुसरा एक प्रवास घडतो.

प्रथम ऋतूविषयी. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिल महिन्यात गोव्याहून निघाले. मलाक्का येथे त्यांना जपानला जाणारे पोर्तुगीज जहाज मिळाले नाही. शेवटी एका चिनी नावाड्याच्या जहाजातून २४ जून रोजी ते पुढे निघाले आणि १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, कागोशिमा बंदरात उतरले. मलाक्कापासून बावन्न दिवस! त्या काळी नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर जपानला जायचे आणि ईशान्येचा वारा सुरू झाला की परतायचे, असा नियमच होता. वारा चुकला तर पुढल्या वर्षापर्यंत वाट पाहणे आले. झेवियरांच्या त्या चिनी कप्तानाला वाटेत चीनच्या किनाऱ्यावरच हिवाळा काढायचा होता आणि जहाजावरच्या मूर्तीपुढे तो वारंवार कौल लावीत असे. संतांनी कागोशिमाहून लिहिलेल्या पत्रात याबद्दलचा वैताग स्पष्ट दिसतो. त्यांच्यासोबत कोस्मे द तोरेस आणि हुआन फर्नांडिस हे दोन येशूसंघीय होते. आमादोर नावाचा एक मलबारी सेवकही होता. आणि वाटाड्या म्हणून आन्जिरो हा जपानी होता. हातून मनुष्यहत्या घडल्यामुळे मायदेश सोडून पळालेल्या या माणसाने गोव्याच्या संत पॉल कॉलेजात शिक्षण घेतले व १५४८ मध्ये तिथेच पाउलो या नावाने स्नानसंस्कार स्वीकारला होता.

आजच्या जहाजाला वाऱ्याची गरज नाही; परंतु ऋतूची सत्ता संपलेली नाही. जून व जुलैच्या पूर्वार्धात जपानमध्ये पावसाळी हवा असते आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे चक्रीवादळांचे महिने. वादळ आले की कप्तान ठरलेले बंदर गाळतो, आणि ज्या बंदरासाठी आपण आलो तेच नेमके गाळले जाण्याचा संभव असतो. म्हणून मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर, हेच दिवस धरावेत. चेरीचा बहर दक्षिणेकडील क्यूशू बेटावर मार्चच्या अखेरीस येतो आणि उत्तरेकडे सरकत सरकत होक्काइदोला पोहोचेपर्यंत मे महिना उजाडतो. दोन्हीकडचा बहर एकाच फेरीत गाठू पाहणाऱ्यांची बहुधा निराशाच होते.

दुसरी गोष्ट कायद्याची. १८९९ च्या जपानी जहाज कायद्याप्रमाणे परदेशी ध्वजाच्या जहाजाला केवळ जपानच्याच बंदरांमधून प्रवाशांची ने-आण करता येत नाही. म्हणूनच बहुतेक फेऱ्यांत मध्येच कोरियाचे बुसान बंदर येते. प्रवाशांना हे कोडे वाटते. काहींना बुसान फुकट मिळाल्याचा आनंदही होतो. परंतु बुसानहून परतताना जपानमध्ये पुन्हा प्रवेश करावा लागतो. तेव्हा एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरेल का, आणि कोरियाच्या प्रवेशाचे काय, याची लेखी विचारणा पैसे भरण्यापूर्वीच करावी.

आता मार्ग. जपानभोवतीच्या फेऱ्या बहुतेक योकोहामा, तोक्यो किंवा कोबे येथून सुटतात. काही उत्तरेला आओमोरी व हाकोदातेकडे जातात, काही दक्षिणेला. आमचा आग्रह दक्षिणेच्या फेरीचा आहे. जहाज किती मजल्यांचे आहे, त्यावर पोहण्याचे तलाव किती आहेत, हे नंतर पाहावे. आधी बंदरांची यादी वाचावी. कोबे, कोची, कागोशिमा आणि नागासाकी ही नावे त्या यादीत असतील तर जपानच्या ख्रिस्ती शतकाचा मोठा भाग आपल्या वाटेवर येतो. जहाज ही बंदरे काळाच्या क्रमाने घेणार नाही. तो क्रम प्रवाशाने आपल्या मनात लावावा.

कागोशिमाविषयी वर आलेच आहे. समोर साकुराजिमा ज्वालामुखी धुमसत असतो. झेवियरांना तो दिसला असणारच. शहरात त्यांच्या नावाचे एक लहान उद्यान व जवळच त्यांच्याच नावाचे कॅथेड्रल आहे. दोन तास पुरेत. तिथल्या शिमाझु घराण्याच्या सरदाराने प्रथम त्यांचे स्वागत केले आणि वर्षभरातच धर्मप्रसाराला बंदी केली. मग ते हिरादो, यामागुची व क्योतोला गेले. राजधानीत त्यांना कोणी विचारले नाही. तेव्हा फाटकी वस्त्रे बाजूला ठेवून, घड्याळासारख्या भेटवस्तू घेऊन ते यामागुचीच्या सरदारापुढे पुन्हा उभे राहिले आणि या वेळी त्यांना धर्मप्रसाराची परवानगी मिळाली. गरिबीच्या व्रताचा अर्थ प्रत्येक देशात एकसारखा लागत नाही, हे त्यांना जपानने शिकवले. १५५१ च्या अखेरीस त्यांनी जपान सोडले.

कोची बंदरावर मात्र आम्ही अधिक रेंगाळणार आहोत. केरळातल्या कोचीशी याचा संबंध फक्त उच्चाराचा! जपानमधील हे कोची शिकोकू बेटावर, जुन्या तोसा प्रांतात आहे आणि त्याला लागून उरादोची खाडी आहे. प्रवासी इथे किल्ला पाहतात, रविवारचा बाजार पाहतात, आणि परततात. १९ ऑक्टोबर १५९६ रोजी 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज याच उरादोपाशी रुतले. जुलैमध्ये मनिला सोडून ते मालाने भरलेले मेक्सिकोकडे निघाले होते. वादळांनी त्याची शिडे, डोलकाठ्या मोडल्या आणि ते इथे वाहत आले. त्यावर फेलिपे द हेसूस हा तरुण फ्रान्सिस्कन होता. गुरुदीक्षा घेण्यासाठी तो मायदेशी मेक्सिकोला चालला होता. ती दीक्षा त्याला मिळायची नव्हती.

तोसाचा सरदार चोसोकाबे मोतोचिका याने माल अडवला आणि जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने तो जप्त करविला. चौकशीच्या वेळी जहाजाच्या सुकाणूधराने नकाशा पसरून स्पेनच्या साम्राज्याची फुशारकी मारली आणि आधी धर्मगुरू जातात, मागून सैनिक, असे काहीसे बोलून गेला, अशी कथा आहे. ती जशीच्या तशी खरी आहे काय, यावर इतिहासकारांत वाद आहे. त्या काळी येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांनी एकमेकांवर दोष ढकलला, हेही लपवून ठेवण्याचे कारण नाही. हिदेयोशीच्या मनात संशय आधीपासून होता. १५८७ मध्येच त्याने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, आणि पोर्तुगीज व्यापारी जपानी माणसांना गुलाम म्हणून विकत नेतात, ही त्याची तक्रार खरी होती. आपल्याच धर्मबांधवांच्या त्या व्यापाराची किंमत कोणी मोजली, हे पुढे दिसते.

इथे आपला गोन्सालो गार्सिया येतो. १५५६-५७ च्या सुमारास वसईत त्याचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघीयांच्या हाताखाली शिकून तो वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास जपानला गेला. तिथे तो धर्मशिक्षक म्हणून राबला आणि जपानी भाषा त्याने पूर्ण आत्मसात केली. येशूसंघात त्याला प्रवेश हवा होता, तो मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला, चांगला जम बसवला आणि तो सोडून मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. १५९३ मध्ये फिलिपाईन्सच्या गव्हर्नरचे वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता हिदेयोशीकडे गेले, तेव्हा त्यांच्या तोंडचे शब्द जपानीत सांगणारा हा वसईकरच होता. क्योतोत या बंधूंनी चर्च उभारले आणि कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली.

सान फेलिपे प्रकरणानंतर डिसेंबर १५९६ मध्ये क्योतो आणि ओसाका येथे पहारे बसले. ३ जानेवारी १५९७ रोजी चोवीस जणांचे डावे कान छाटून त्यांची क्योतोत धिंड काढण्यात आली, आणि मग ओसाका-साकाईहून नागासाकीकडे, ऐन हिवाळ्यात, सुमारे ८०० किलोमीटरांची वाट सुरू झाली. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात गोवले गेले. कोबेहून पश्चिमेला सेतो या अंतर्देशीय समुद्रातून जाणारे जहाज उजव्या हाताला ज्या किनाऱ्याच्या बाजूने जाते, तीच ही वाट : हिमेजी, ओकायामा, शिमोनोसेकी, मग सामुद्रधुनी ओलांडून क्यूशू. ज्यांचे जहाज हा मार्ग घेईल त्यांनी त्या दिवशी डेकवर थोडा वेळ काढावा. त्यांना लागला जवळजवळ महिना; जहाजाला लागतो एखादा दिवस.

नागासाकीला सकाळी सातआठच्या सुमारास उतरून संध्याकाळी परतायचे, एवढाच वेळ बहुधा हाती असतो. कंपनीच्या सहलीची बस दुकानांपाशी फार रेंगाळते. त्यापेक्षा गावातली ट्राम सोयीची. दूरचे आधी पाहावे. उराकामीचे कॅथेड्रल शहराच्या उत्तर भागात आहे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब त्याच्यापासून सुमारे ५०० मीटरांवर फुटला आणि त्या धर्मग्रामातील सुमारे १२,००० भाविकांपैकी ८,५०० मरण पावले. १९५९ मध्ये नवे मंदिर उभे राहिले. जुन्याचे भग्न पुतळे आवारात आहेत.

तिथून दक्षिणेला येताना नागासाकी स्थानकाजवळ उतरावे. पाच-सात मिनिटांच्या चढणीवर निशिझाका टेकडी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी याच ठिकाणी सव्वीस क्रूस रांगेने उभे करण्यात आले. खिळे ठोकले नव्हते; दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी जखडून भाल्यांनी त्यांना भोसकण्यात आले. वीस जण जपानी होते. त्यांतला लुईस इबाराकी अवघ्या बारा वर्षांचा. फेलिपे द हेसूस होता. चाळिशीतला गोन्सालो होता. ८ जून १८६२ रोजी या सर्वांना संतपद मिळाले, आणि भारतभूमीत जन्मलेला पहिला संत म्हणून वसईचे नाव रोमच्या यादीत गेले. वसईत गास येथील चर्च त्याच्या नावाचे आहे, कॉलेजही आहे. निशिझाका येथे शिल्पकार फुनाकोशी यांनी १९६२ मध्ये घडवलेल्या कांस्यशिल्पात सव्वीस जण ओळीने उभे आहेत. तिथे थांबून आपल्या माणसाचे नाव शोधावे.

वाटेत देजिमा लागेल. पोर्तुगीजांना कोंडण्यासाठी १६३६ मध्ये पुरे केलेले हे पंख्याच्या आकाराचे कृत्रिम बेट १६४१ पासून डचांच्या वाट्याला आले. पोर्तुगीजांना १६३९ मध्ये हाकलण्यात आले होते. पुढल्या वर्षी मकाऊहून समेटासाठी आलेल्यांपैकी ६१ जणांची डोकी उडवण्यात आली. आज समुद्र बुजवल्यामुळे देजिमा बेट राहिलेले नाही.

शेवटी ओऊराचे चर्च. निशिझाकाकडे तोंड करून बांधलेले हे मंदिर त्याच सव्वीस हुतात्म्यांना समर्पित आहे. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही शेतकरी इथे आले आणि त्यांतील एका स्त्रीने फादर पतिजाँ यांच्या कानाशी लागून, आपणा सर्वांचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, असे सांगून पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारले. दोनशे वर्षांहून अधिक काळ धर्मगुरूवाचून, मिस्साबलिदानावाचून त्यांनी श्रद्धा जपली होती. लहान बाळांना स्नानसंस्कार घरचाच माणूस देत असे. हे कळल्यावरही छळ थांबला नाही. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती लोकांना हद्दपारी भोगावी लागली. बंदी १८७३ मध्ये उठली. ती मरियेची मूर्ती आजही मंदिरात आहे. दुपार इथे घालवण्यात घाई होत नाही, कारण मोठी जहाजे लागतात तो मात्सुगाए धक्का चर्चच्या उतारावरून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे.