जपानमधील जन्मदर
जपानमधील जन्मदर : दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या जन्मदरात मोठी घट झाली. १९४७–४९ मधील जन्मांच्या पहिल्या लाटेत तेथे दरवर्षी सुमारे २७ लाख बालके जन्मली. १९४८ च्या कायद्याने गर्भपाताला मुभा मिळाली व पुढील वर्षी त्यासाठी आर्थिक कारणही ग्राह्य ठरले. संततिनियमनही पसरले. परिणामी दरहजारी जन्मदर १९४७ मधील ३४ वरून १९५७ पर्यंत १७ वर आला. १९६६ हे पंचांगानुसार ‘अग्नि-अश्व’ वर्ष होते. त्या वर्षी जन्मलेल्या मुली पतीला घातक ठरतात, या समजुतीमुळे जन्मसंख्या सुमारे एक चतुर्थांशाने घटली. पुढच्याच वर्षी ती सावरली. १९७१–७४ मध्ये जन्मांची दुसरी लाट आली. त्यानंतर मात्र दर स्त्रीमागे सरासरी अपत्यसंख्या, लोकसंख्या स्थिर राखण्यास लागणाऱ्या सुमारे २.१ या पातळीखालीच राहिली. १९८९ मध्ये ती १.५७ म्हणजे १९६६ पेक्षाही कमी झाल्याने देशभर खळबळ उडाली. उशिरा होणारे विवाह, वाढते अविवाहित जीवन, कामाचे दीर्घ तास आणि शिक्षणाचा खर्च ही प्रमुख कारणे होत. विवाहबाह्य जन्म अत्यल्प असल्याने विवाह घटताच जन्मही घटतात. १९९४ पासून शासनाने पाळणाघरे, बालसंगोपन रजा व भत्ते यांवर भर दिला. तरीही २००८ नंतर लोकसंख्या घटू लागली. २०२४ मध्ये सात लाखांहून कमी बालके जन्मली.