येलेना बाल्शिच

(सु. १३६५–१४४३). मध्ययुगीन सर्बियाची राजकन्या, झेताची राणी आणि पत्रलेखिका. सर्बियाचा अधिपती लाझार ह्रेबेल्यानोविच आणि मिलित्सा यांची ही मुलगी. मिलित्साकडून तिचे नाते नेमान्यिच या जुन्या राजघराण्याशी जुळत होते. लाझारने मुली दिल्या त्या सोयरिकीने राज्य भक्कम करण्यासाठी. येलेनाचे लग्न झेताच्या जुराज स्त्रात्सिमिरोविच बाल्शिच याच्याशी झाले. आजच्या माँटेनेग्रोचा दक्षिण भाग आणि लगतचा अल्बानिया एवढा झेताचा विस्तार होता. १३८९ मध्ये कोसोव्होच्या लढाईत लाझार मारला गेला. त्यानंतर तिची धाकटी बहीण ओलिव्हेरा हिला ऑटोमन सुलतान बायेझीदच्या जनान्यात जावे लागले. लोकांच्या स्मरणात ओलिव्हेराच जास्त राहिली. येलेनाचे आयुष्य मात्र घटनांनी कमी भरलेले नाही.

जुराजने १३९६ मध्ये स्कादर शहर वार्षिक तनख्याच्या बदल्यात व्हेनिसला देऊन टाकले. तो १४०३ मध्ये वारला, तेव्हा मुलगा तिसरा बाल्शा ऐन विशीतही नव्हता. १४०५ मध्ये त्याने व्हेनिसविरुद्ध युद्ध पुकारले, त्यामागे आईचाच जोर होता. प्रश्न केवळ गेलेल्या मुलखाचा नव्हता. स्कादर सरोवराकाठच्या ऑर्थोडॉक्स चर्चांवर झेताच्या धर्मप्रमुखाचा हक्क राहावा, हा तिचा आग्रह होता. पण बार, उल्त्सिन्य आणि बुद्वा ही बंदरे व्हेनिसने घेतली. अखेर १४०९ मध्ये वाटाघाटींसाठी ती स्वतः व्हेनिसला गेली. तह झाला, पण तो टिकला नाही.

१४११ मध्ये तिने बोस्नियाचा बलाढ्य सरदार सांदाल्य ह्रानिच कोसाचा याच्याशी दुसरे लग्न केले. त्यासाठी सांदाल्यने आधीच्या पत्नीला सोडले होते. हा विवाह उघडच राजकीय होता. बाल्शाला त्यातून एक तगडा शेजारी पाठीराखा मिळाला. पुढे बाल्शाच्या मुलीचे लग्न सांदाल्यच्या पुतण्याशी, स्त्येपान वुक्चिच कोसाचाशी झाले. त्यांची मुलगी कातारिना बोस्नियाची राणी झाली; ती येलेनाची पणती. १४२१ मध्ये बाल्शा वारला, तो मामा स्तेफान लाझारेविचकडे झेता सोपवून. १४३५ मध्ये सांदाल्यही गेला.

दुसऱ्या वैधव्यात ती स्कादर सरोवराच्या परिसरात परतली. बेश्का बेटावर तिने मारियामातेचे चर्च उभारले. याच काळात तिचा निकोन या संन्याशाशी पत्रव्यवहार चालू होता. एकांतवास, वैराग्य, देहाच्या मोहांतून मनाची सुटका यांविषयी ती विचारी आणि निकोन शास्त्राधाराने सविस्तर उत्तरे देई. १४४१–४२ च्या सुमारास ही पत्रे इतर धार्मिक मजकुरासह ‘गोरिच्की झ्बोर्निक’ या हस्तलिखित संग्रहात एकत्र केली गेली. त्यातली तिची पत्रे जुन्या सर्बियन साहित्यातील स्त्रीलेखनाचा दुर्मीळ नमुना मानली जातात. धर्मचर्चेचा साचा घट्ट असला तरी विचारणारी बाई कोणापुढे दबत नाही, हे ओळींत जाणवते; राज्य सांभाळलेल्या हाताची ती सवय असावी. हे हस्तलिखित आज बेलग्रेड येथील सर्बियन विज्ञान व कला अकादमीच्या संग्रहात आहे.

नोव्हेंबर १४४२ मध्ये तिने केलेले मृत्युपत्र दुब्रोव्निकच्या दप्तरात जपले गेले. पुढच्याच वर्षी तिचे निधन झाले आणि तिने बांधलेल्या बेश्काच्या चर्चमध्येच तिचे दफन करण्यात आले.