निर्बंधांच्या यादीत काय नव्हतं?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा मुख्य प्रश्न होता, "१९३५ चे इटलीवरील निर्बंध अयशस्वी का ठरले?" गाईड मॅडमनी तो वाचला आणि विचारलं, "निर्बंधांची यादी वाचलीस का?" मी म्हणालो, "हो." "मग त्यात काय नाही, ते लिहून आण."

आधी थोडी पार्श्वभूमी. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुसोलिनीच्या सैन्याने इथिओपियावर आक्रमण केलं. दोन्ही देश राष्ट्रसंघाचे सभासद. संघाने काही दिवसांतच इटलीला आक्रमक ठरवलं आणि १८ नोव्हेंबरपासून निर्बंध लागू झाले. इटलीला शस्त्रं आणि कर्ज द्यायचं नाही, इटलीचा माल घ्यायचा नाही. शिवाय रबर, कथील, निकेल, अॅल्युमिनियम अशा वस्तू तिला विकायच्या नाहीत. यादीत घोडे आणि खेचरंसुद्धा होती!

नव्हतं ते तेल. कोळसा आणि पोलादही नव्हतं. म्हणजे खेचरांवर बंदी, पण सैन्याचे ट्रक आणि विमानं ज्यावर चालतात ते इंधन मोकळं. अमेरिका संघाची सभासद नव्हती, त्यामुळे "आपण तेल थांबवलं तरी ती विकणारच" हे कारण पुढे केलं गेलं. पण सुएझ कालव्याचं काय? तिथे ब्रिटन आणि फ्रान्सचंच चालत होतं. इटलीची सैन्याने भरलेली जहाजं टोल भरून त्यातून जात राहिली. हिटलरविरुद्ध इटली आपल्या बाजूला राहावी, ही या दोघांची खरी धडपड होती.

आता दुसरी बाजू, मदतीची. ती अनेकदा राहून जाते. संघाने इथिओपियाला शस्त्रं विकण्याची मोकळीक दिली, पण ती घ्यायला लागणारा पैसा दिला नाही. देशाला समुद्रकिनारा नाही, रेल्वे फक्त फ्रेंचांच्या जिबुती बंदराला जोडलेली. रेड क्रॉसची पथकं आली, तर डिसेंबरअखेर स्वीडिश पथकावर इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले. मे १९३६ मध्ये अदिस अबाबा पडलं. ३० जूनला सम्राट हैले सेलासी यांनी जिनिव्हात स्वतः दाद मागितली. १५ जुलैला निर्बंध उठले.

म्हणजे माझ्या प्रश्नातला "अयशस्वी" हा शब्दच गडबड करत होता. तो वापरला की इटलीला थांबवणं हाच सगळ्यांचा हेतू होता, हे न तपासता मान्य होतं. मी प्रश्न बदलला: "यादीतून काय वगळलं गेलं, कोणी आणि का?" आता प्रत्येक देशाची कागदपत्रं वेगळी उघडावी लागली. काम वाढलं, पण प्रबंधाला दिशा मिळाली.

जाता जाता एक सावधगिरी. तेल बंद केलं असतं तर आठवड्यात माघार घ्यावी लागली असती, असं मुसोलिनीने नंतर हिटलरला सांगितल्याचं सगळीकडे वाचायला मिळतं. ते येतं हिटलरचा दुभाषी पॉल श्मिट याच्या युद्धानंतरच्या आठवणींतून. वाक्य मोहात पाडणारं आहे, माझ्या मताला सोयीचंही. म्हणूनच ते मी पुरावा म्हणून नाही, "आठवण" म्हणून नोंदवलं.

तुमच्या विषयातही अशी एखादी यादी, करार किंवा ठराव असेलच. प्रपोजल लिहिण्याआधी तो पूर्ण वाचा आणि वगळलेल्या गोष्टींसाठी वहीचं एक पान ठेवा.